सेकंड-हँड एमपी ५ घ्यावी का? इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट गन तपासायची कशी

टोकियोहून बोलतोय. आजचा विषय थोडा हटके आहे. रविवारी मी चिबाच्या जंगलात प्लास्टिकचे छर्रे खायला जातो हे मागे एकदा सहज बोलून गेलो, तेव्हापासून मेसेज थांबत नाहीयेत. "दादा, ती गन खरी असते का?", "किती लांब जाते?", "पुण्याला आणता येईल का?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच देऊन टाकतो: विमानाच्या सामानात टाकून आणायचा विचारसुद्धा करू नका. बाकीच्या प्रश्नांसाठी माझ्याकडे एक ताजं प्रकरण आहे, त्यातूनच सगळं सांगतो.

आमच्या ग्रुपमध्ये नाशिकचा एक पोरगा आहे. इथे भाषा शिकायला आलाय, स्टुडंट व्हिसावर. संध्याकाळी कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात काम करतो. आठवड्याला २८ तासांपेक्षा जास्त काम करायची विद्यार्थ्यांना परवानगी नाही, त्यामुळे पैसे मोजूनमापून. त्याला एक एमपी ५ मिळत होती, सेकंड-हँड. १५ हजार येन, सोबत दोन मॅगझिन, बॅटरी, चार्जर. विकणारा माणूस नोकरी संपवून जपान सोडून निघालेला. पोराने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, एकदा बघून द्या ना. उद्यापर्यंत सांगायचंय."

आता एमपी ५ म्हणजे काय ते थोडक्यात. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीची ९ मिलिमीटरची सबमशीन गन. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी आणि सीमा दलाने ती घेतली आणि १९८० मध्ये लंडनमधल्या इराणी दूतावासात ब्रिटनचे एसएएस कमांडो शिरले तेव्हा ती जगभर टीव्हीवर दिसली. आपल्या एनएसजीकडेही ती आहे, त्यामुळे २६/११ चं फुटेज पाहिलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात तिचा आकार बसलेला आहे. पिक्चर आणि गेम तर सोडाच. थोडक्यात, ही बंदूक लोक आधी मनाने विकत घेतात आणि पैसे नंतर देतात. पोराचंही तेच झालेलं.

एअरसॉफ्टमधली एमपी ५ ही तिची नक्कल. आकार तोच, वजन जवळपास तेवढंच, पण आतमध्ये बारूद वगैरे काही नाही. बॅटरीवर एक मोटर फिरते. मोटर तीन गिअर फिरवते. शेवटचा गिअर पिस्टनचे दात पकडून त्याला मागे खेचतो, स्प्रिंग दाबली जाते, दात संपले की पिस्टन सुटतो आणि पुढची हवा दाबून छर्रा ढकलतो. सायकलचा पंप समजा, फक्त सेकंदाला बारा-पंधरा वेळा मारलेला. ही इलेक्ट्रिक पद्धत बाजारात आणली टोकियो मारुई या जपानी कंपनीने, १९९१ मध्ये, फ्रेंच फामास रायफलच्या नकलेतून. आज जगभर ज्या इलेक्ट्रिक गन मिळतात त्यांतल्या बऱ्याचशा त्याच रचनेच्या पोरी-नाती आहेत. पोराने पसंत केलेली गनही अशीच एक नात, जपानबाहेर बनलेली. कंपनीचं नाव घेत नाही. ती तिसऱ्या मालकाच्या हातात होती, मधल्या दोघांनी काय उद्योग केले ते माहीत नव्हतं, मग कंपनीला कशाला बोल लावायचा.

अकिहाबाराला एअरसॉफ्टची बरीच दुकानं आहेत आणि काहींमध्ये आत छोटी शूटिंग रेंज असते. तासाचे पैसे भरा, आपली गन आणा, चालवून बघा. विक्रेत्याला तिथेच बोलावलं. घरी किंवा बागेत असला व्यवहार करायचा नाही, हा माझा नियम आहे. कारण सोपं आहे. दहा पावलांवरून ही वस्तू खऱ्या सबमशीन गनसारखी दिसते. ट्रेनमधून नेतानाही बंद बॅगेत, मॅगझिन काढून, बॅटरी वेगळी. एखाद्या स्टेशनवर पोलिसांनी थांबवलं तर बॅग उघडून शांतपणे दाखवता आलं पाहिजे. आणि आपण इथे परदेशी आहोत, ओळखपत्र खिशात घेऊन फिरणारे. जपानी पोरगा जितक्या सहज सुटेल तितके आपण सुटू, असं मी धरून चालत नाही.

बरं, गन हातात आली. पहिलं इम्प्रेशन? भारी. बॉडी धातूची, रंग नीट, मागचा सरकणारा दस्ता बाहेर ओढला की खट्ट आवाज. पोराने कॉकिंग हँडल मागे ओढून खाचेत अडकवलं आणि वरून थप्पड मारून सोडलं. एमपी ५ चाहत्यांची ती फेमस थप्पड. मग माझ्याकडे बघून हसला. मला तिथेच कळलं की याला नाही म्हणणं जड जाणार.

मी मात्र आधी दस्ता धरून हलवला. सरकत्या दस्त्याच्या एमपी ५ मध्ये थोडी लचक असतेच, पण ती किती आहे हे बघायचं, कारण गाल टेकवून नेम धरताना तीच लचक नेमात उतरते. इथे चालण्यासारखी होती. मग मॅगझिन. ५० छर्ऱ्यांचं एक साधं आणि २०० चं एक चावीवालं. चावीवाल्याला खाली चाक असतं, ते फिरवत राहावं लागतं आणि पळताना आत छर्रे खुळखुळतात, खिशात चिल्लर असल्यासारखे. झुडपात लपलेला माणूस त्या खुळखुळ्याने सापडतो, गंमत नाही. मी पोराला म्हटलं, साधंच वापर. दोन्ही मॅगझिन बसवून-काढून पाहिली. एमपी ५ ची मॅगझिन कधीकधी नीट बसल्यासारखी वाटतात आणि छर्रे वर येतच नाहीत, म्हणून हे दहा-बारा वेळा करायचं. ठीक होतं.

बॅटरी पुढच्या हँडगार्डमध्ये. ही ए५ प्रकाराची, सरकत्या दस्त्याची गन, म्हणजे मागे जागाच नाही. पुढच्या पोकळीत जेमतेम एक लहान बॅटरी मावते. ७.४ व्होल्टची लिपो होती. ती हातात घेऊन सपाट टेबलावर ठेवली, फुगलेली नाही ना ते बघायला. फुगलेली लिपो दिसली तर व्यवहार बाजूला ठेवा, आधी ती बॅटरी आपल्यापासून लांब करा. ही ठीक होती. वायरच्या जोडाला नाक लावून वास घेतला. विक्रेता माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता, पण जळका वास आणि तपकिरी पडलेलं प्लास्टिक हे कुठल्याही गोड बोलण्यापेक्षा जास्त सांगतात.

आणि मग स्क्रू. मंडळी, सेकंड-हँड वस्तू घेताना स्क्रूचं डोकं बघायची सवय लावा. मिक्सर असो नाहीतर बंदूक. ग्रिपच्या तळाच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या होत्या. म्हणजे कोणीतरी उघडलंय, एकदा नाही, बऱ्याचदा. विक्रेत्याला विचारलं, तो म्हणाला, मी नाही उघडली. मला ते खरं वाटलं. पण म्हणजे त्याच्या आधीच्याने उघडली होती. आणि उघडून काय केलं?

आता रेंजवर. इथे क्रोनोग्राफ नावाचं छोटं यंत्र असतं. छर्रा त्यातून गेला की वेग दाखवतं, मीटर प्रति सेकंदात. पण वेग एकट्याने काही सांगत नाही, छर्ऱ्याचं वजन सोबत हवं. हिशोब दहावीचा आहे: वजन किलोमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.२ ग्रॅमचा छर्रा ९० च्या वेगाने गेला तर ०.८१ ज्यूल. हाच हिशोब ०.२५ ग्रॅमला लावला तर तेवढ्याच ताकदीला वेग ८० च्या आसपास येतो. म्हणून कोणी "माझी गन अमुक स्पीड देते" म्हणाला की पहिला प्रश्न: कुठल्या छर्ऱ्यावर?

जपानमध्ये हा आकडा नुसता बढाईचा नाही, कायद्याचा आहे. २००५ च्या सुमारास इथे ताकद वाढवलेल्या एअरगननी हायवेवरच्या गाड्यांवर छर्रे मारण्याचे प्रकार झाले. २००६ मध्ये शस्त्रकायदा बदलला. आता मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला ३.५ ज्यूल, म्हणजे ६ मिलिमीटरच्या छर्ऱ्यासाठी सुमारे ०.९८ ज्यूल. ०.२ ग्रॅमवर वेग ९९ च्या आतच. त्याच्या वर गेलेली गन नुसती जवळ बाळगणं हाच गुन्हा. तुम्ही ती कोणावर चालवली की कपाटात ठेवली, फरक पडत नाही. "मी अशीच विकत घेतली होती" हे सांगून सुटता येईल या भरवशावर स्टुडंट व्हिसावाल्याने राहू नये.

दुसऱ्या देशांत मर्यादा वेगळ्या आहेत. ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्याप्रमाणे ऑटोमॅटिकला १.३ ज्यूल आणि एकेक छर्रा मारणाऱ्या गनला २.५ ज्यूल. त्यामुळे बाहेरच्या बाजारासाठी बनलेली गन तिथे अगदी कायदेशीर आणि इथे गुन्हा, असं सहज होऊ शकतं. नारिता उतरलं की वस्तूचं नावच बदलतं म्हणा ना.

तर दहा छर्रे मारले, सगळे ०.२ ग्रॅम. सगळ्यांत कमी ८४, सगळ्यांत जास्त ९७. म्हणजे ०.७१ ज्यूलपासून ०.९४ पर्यंत. विक्रेता खूश. मर्यादेच्या आत! पोरगा त्याहून खूश. मला मात्र ते आकडे आवडले नाहीत.

का ते सांगतो, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

चांगल्या इलेक्ट्रिक गनचे दहा आकडे शेजारी शेजारी बसतात. ९० म्हणजे ८९, ९०, ९१, फार तर अजून एखादा इकडेतिकडे. इथे १३ चा फरक होता. स्प्रिंग प्रत्येक वेळी तेवढीच दाबली जाते, पिस्टन तेवढाच मागे जातो. मग छर्ऱ्यापर्यंत पोहोचणारी हवा कमीजास्त का? कुठेतरी गळतेय म्हणून. हवा पिस्टनच्या रिंगपाशी गळते, नाहीतर नोझलपाशी, नाहीतर हॉप-अपच्या रबरापाशी.

हॉप-अप म्हणजे नळीच्या सुरुवातीला वरून किंचित टेकलेला रबराचा उंचवटा. छर्रा त्याला घासून जातो आणि उलटा फिरायला लागतो. फिरणाऱ्या छर्ऱ्याला हवा वर उचलून धरते. क्रिकेटवाल्यांना बॅकस्पिन सांगायला नको. याच्याशिवाय ०.९ ज्यूलचा छर्रा थोड्याच अंतरावर नाक खाली घालतो, याच्यासह ३० मीटरवरच्या माणसाला मारता येतं. एमपी ५ मध्ये कॉकिंग हँडल मागे ओढलं की बाजूची खिडकी उघडते आणि आत हॉप जुळवायची सोय दिसते. मी जुळवून पाहिलं. एक छर्रा सरळ, पुढचा वर उडाला, तिसरा डावीकडे. रबर म्हातारं झालेलं होतं, चिरलेलंही असावं.

"दादा, रबर तर स्वस्त येतं ना?" पोराने बरोबर प्रश्न विचारला. येतं. मोबाईलच्या स्क्रीनगार्डच्या भावात येतं. दुकानातच मिळत होतं. विक्रेता म्हणाला, आत्ता बसवू, मी पैसे देतो. मी म्हटलं, थांबा.

कारण दुसरी एक गोष्ट मला खटकत होती, ती आवाजातली. बॅटरी पूर्ण चार्ज होती. तरी सिंगल शॉटवर ट्रिगर दाबल्यावर मोटर क्षणभर कण्हायची, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेल्या रिक्षासारखी, आणि मग छर्रा सुटायचा. ऑटोमॅटिकवर मोबाईलने आवाज रेकॉर्ड केला आणि ऑडिओ ॲपमध्ये टोकं मोजली. सेकंदाला जेमतेम दहा. हा उपाय फुकट आहे, तुम्हीही करू शकता. कधीकधी मोटरची उंची चुकलेली असते. ग्रिपच्या तळाशी एक स्क्रू असतो तो जरा फिरवला की आवाज सुधारतो, पण तेव्हा आवाज चिरका असतो, शिट्टीसारखा. इथे शिट्टी नव्हती. इथे ओझं होतं. ठणठणीत बॅटरी, नीट बसलेली मोटर, आणि तरी दम लागतोय. म्हणजे तिला ओढायला लागणारी स्प्रिंगच जड आहे.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. आत जड स्प्रिंग, आणि पुढे गळकं रबर. गळतीमुळे वेग कमी दिसतोय, म्हणून क्रोनोग्राफवर गन पास. उद्या आपण प्रेमाने नवीन रबर बसवलं, गळती बंद झाली, की हीच गन ९९ च्या पलीकडे जाणार. पोरगा दुरुस्तीच्या नादात स्वतःच्या हाताने एक बेकायदा वस्तू तयार करून कपाटात ठेवणार, आणि त्याला पत्ताही नसणार. मैदानावर सकाळी कर्मचारी प्रत्येकाची गन क्रोनोवर तपासून मगच आत सोडतात, तिथे कळलं तर ती त्या दिवशी बाजूला ठेवायला लावतील, चारचौघांत मान खाली जाईल. पण तिथपर्यंत तो ती ट्रेनमधून घेऊन आलेला असेल ना.

मी हे त्या दोघांना सांगितलं. विक्रेत्याला पटलं नाही. त्याचं म्हणणं, आकडा समोर दिसतोय, मर्यादेच्या आत आहे, तुम्ही अंदाजावर बोलताय. त्याचंही बरोबर होतं, मी गन उघडून पाहिली नव्हती. आणि या एमपी ५ मध्ये स्प्रिंग बघायची तर पूर्ण गिअरबॉक्स बाहेर काढून खोलावा लागतो. हा व्हर्जन २ नावाचा जुना प्रकार, खोलताना सवय नसेल तर स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते आणि छोट्या वॉशरचा हिशोब लागत नाही. शिवाय त्याचं कवच पुढच्या बाजूला, सिलेंडरच्या खिडकीपाशी, चिरण्यासाठी बदनाम आहे, आणि जड स्प्रिंगने तर लवकरच. तेही बघणं भाग होतं.

पोराचा चेहरा पडला होता. थप्पड मारून हँडल सोडायचं पण त्याने थांबवलं. मला हळूच म्हणाला, "दादा, परत एवढ्यात नाही मिळणार." मी त्याला म्हटलं, हे बघ, नाही म्हणत नाहीये मी. एवढंच म्हणतोय की आत काय आहे ते बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दुकानात दुरुस्तीचा विभाग होता. त्यांना विचारलं, खोलून बघायचे किती, स्प्रिंग आणि रबर बदलायचे किती. सगळं मिळून ७ हजार येन सांगितलं. मग मी विक्रेत्यासमोर सरळ प्रस्ताव ठेवला: गन तुमच्याच नावावर दुकानात राहील. खोलून झाल्यावर माझा अंदाज चुकला तर खोलायचे पैसे मी देतो आणि पोरगा पूर्ण १५ हजारांना घेतो. बरोबर निघाला तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा. त्याचं विमान नऊ दिवसांनी होतं. थोडा विचार करून तो हो म्हणाला.

चार दिवसांनी दुकानाचा फोन आला. आतली स्प्रिंग जपानच्या मापाची नव्हती, तार जाड आणि लांबीही जास्त. हॉपचं रबर दोन ठिकाणी चिरलेलं. कवच मात्र शाबूत, चीर नाही, आणि गिअरचे दातही धड. त्यांनी हलकी स्प्रिंग टाकली, नवीन रबर बसवलं, जुनं ग्रीस पुसून नवीन लावलं आणि परत क्रोनोवर घेतली. दहा छर्रे: कमीत कमी ८९, जास्तीत जास्त ९१. ०.७९ ते ०.८३ ज्यूल. काढलेली स्प्रिंग घरी न्यायची नाही, असं मी पोराला आधीच सांगितलं होतं, ती दुकानालाच टाकायला दिली.

आता तुम्ही म्हणाल, ताकद तर कमी झाली. जास्तीत जास्त वेग ९७ होता, आता ९१. मैदानावर काय झालं ते ऐका. ०.२५ चे बायो छर्रे घातले, म्हणजे जमिनीत विरघळणारे, बऱ्याच खुल्या मैदानांवर तेच सक्तीचे असतात. ३० मीटरवर ए४ कागद लावला. दुरुस्तीआधी रेंजवर जे इकडेतिकडे जात होतं, ते आता दहातले सात-आठ कागदावर. मोटरचं कण्हणं बंद, ट्रिगर दाबला की छर्रा गेला. ऑटोमॅटिकवर सेकंदाला तेरा. सहा मीटर प्रति सेकंद गमावून त्याला वापरता येणारी बंदूक मिळाली. समोरच्याला छर्रा लागला की तो स्वतःच "हिट!" ओरडून हात वर करून बाहेर जातो, पंच वगैरे कोणी नसतो. तिथे वेग बघून कोणी बाहेर जात नाही, लागला तरच जातो.

मला या गनमध्ये अजूनही न आवडणाऱ्या गोष्टी आहेत. बॅटरी बदलताना हँडगार्डमध्ये वायर कोंबावी लागते, घाईत एखाद्या दिवशी चिमटणार. धातूच्या बॉडीमुळे दुपारपर्यंत खांदा दुखतो. आणि ट्रिगरचे कॉन्टॅक्ट उघडे आहेत, मॉस्फेट बसवलेला नाही, म्हणजे ते हळूहळू जळत जाणार. पोराला सांगितलंय, तीन सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी कोणी फुकट दिली तरी लावू नकोस. नवशिक्याने पहिलीच गन घ्यायची असेल आणि शंभर टक्के निर्धास्त राहायचं असेल, तर जपानी बाजारासाठी बनलेली नवीन प्लास्टिक बॉडीची गन घ्यावी, असंच माझं मत. दिसायला कमी रुबाबदार, पण कोणी उघडलेली नसते.

पैशांचं विचारलंत म्हणून: विक्रेत्याला ८ हजार मिळाले, दुकानाला ७ हजार, पोराच्या खिशातून गेले तेवढेच १५. वर गॉगल आणि चेहऱ्याच्या मास्कचे वेगळे, ते त्याने नवीन घेतले आणि त्यात मी घासाघीस करू दिली नाही. विक्रेता जाताना जरा नाराजच होता, पण विमानतळावरून पोराला मेसेज आला, "दुसऱ्या मॅगझिनची स्प्रिंग पण बघून घे." बघितली. ती ठीक आहे.

पुढच्या भागात याच मंडळींच्या आग्रहावरून गॉगल आणि मास्कवर बोलणार आहे, चष्मा लावणाऱ्यांचे हाल सकट. प्रश्न असतील तर खाली लिहा. भेटू.